आवाज आला पाहिजे

फेब्रुवारीत रक्ताचा रिपोर्ट आला. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, 262. दीडशेच्या आत पाहिजे म्हणे. डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवला आणि एकच विचारलं, "चार वाजता काय खाता?"

आता परभणीत कचेरीत नोकरी करणारा माणूस चार वाजता काय खातो हे काय विचारायचं? फाटकाच्या बाहेर गाडा आहे, त्याची कढई म्हणून कधी खाली उतरत नाही. मिरचीचे भजे, आलुबोंडे, एखाद्या दिवशी समोसा, वर अर्धा कप चहा. घरी आलो की पोराच्या पाकिटातले चार चिप्स. रात्री टीव्हीसमोर मूठभर शेव, जी मूठ दर बातमीला नव्याने भरायची. मी खरं खरं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "तळलेलं, मैदा आणि साखर, तिन्हीला आवर घाला. आणि चाला."

चालणं दुसऱ्या दिवशी सुरू झालं. बाकीचं अवघड होतं. आठ दिवस काकडी-गाजराचा डबा नेला. भूक भागायची, पण चार वाजल्यासारखं वाटायचं नाही. मग लक्षात आलं की पोटाला भजे नकोच होते, दाढांना हवे होते. दिवसभर फायलींवर माना मोडल्यावर काहीतरी कडकड मोडायला लागतं, एवढंच.

मग बाजारात 'भाज्यांच्या कुरकुरीत काड्या' असं लिहिलेलं हिरवं-केशरी पाकीट दिसलं. आणलं. सवयीप्रमाणे मागचं बारीक अक्षर वाचलं. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायचे असतात. जे जास्त ते आधी. इथे आधी तांदळाचं पीठ, मग मक्याचा भरडा, मग पामतेल. पालकाची आणि टमाट्याची पावडर सगळ्यांच्या शेवटी, मसाल्याच्याही मागे, वऱ्हाडात न बोलावलेल्या पाहुण्यासारखी. शेजारी पोराचं साधं आलूचिप्सचं पाकीट होतं. त्यावर 100 ग्रॅममागे 34 ग्रॅम चरबी लिहिलेली. म्हणजे तिसरा हिस्सा तेलच. भाज्यांवालं पाकीट त्याहून फार मागे नव्हतं. दोन्ही ठेवून दिली आणि ठरवलं, घरीच करू.

घरात एक ओटीजी, म्हणजे टेबलावरचा विजेचा छोटा ओव्हन, होता. लॉकडाऊनमध्ये केकच्या हौसेने घेतलेला, चार केक करून झाल्यावर क्रोशाचा रुमाल पांघरून बसलेला. रुमाल काढला. बायको म्हणाली, "अहो, करा काय करायचं ते, पण ट्रे तुम्हीच घासायचा." ही अट मी हलक्यात घेतली.

पहिल्यांदा बीट घेतलं, कारण रंग चांगला. अर्धा किलो बीट सोललं, सुरीने चकत्या केल्या, तेल-मीठ-तिखट चोळलं आणि ओव्हन 180 अंशांवर लावला. पंचवीस मिनिटांनी कडा काळ्या आणि मधे ओलं. वास जळक्या गुळासारखा. एक चकती तोंडात टाकली तर इतकी खारट की थुंकावी लागली.

आई समोरच्या बाजेवर बसली होती. तिला आता कवळी आहे, कडक काही चावत नाही. पण ऐकू येतं चांगलं. ती म्हणाली, "आवाज नाही आला रे."

तो शेराच पुढच्या चार महिन्यांची परीक्षा होऊन बसला. मी ट्रे काढायचो, गार करायचो, एक तुकडा मोडायचो. बाजेवरून निकाल यायचा.

खारट का झालं हे कळायला वेळ लागला नाही, लाज मात्र वाटली. बीटात शंभरातले 87 भाग पाणी. अर्धा किलोच्या चकत्या पूर्ण वाळल्या की सत्तर-ऐंशी ग्रॅम उरतात. मीठ थोडंच उडून जातं? अर्ध्या किलोच्या अंदाजाने घातलेलं सगळं मीठ त्या सत्तर ग्रॅमवर बसलं. तेव्हापासून मीठ शेवटी, चकत्या गरम असताना वरून.

जळण्याचं कारण साखर. बीट, गाजर, रताळं यांच्यात साखर बरीच, ती आधी करपते आणि आतलं पाणी तसंच राहतं. म्हणजे घाई चालत नाही. दुसऱ्या खेपेला 110 अंश ठेवले, चकत्या स्लाइसरवर पाडल्या, दीड-दोन मिलिमीटर. सुरीने पाडलेल्या चकत्यांत एक कडा जाड, एक पातळ. पातळ कडा जळते तोवर जाड कडा घाम गाळत असते. अर्धा किलोला दोन चमचे शेंगदाण्याचं तेल हातानेच चोळलं. आणि ओव्हनच्या दारात लाकडी चमचा अडकवून बोटभर फट ठेवली. ही फट फार कामाची निघाली. वाफ आतच कोंडली तर चकत्या भाजत नाहीत, उकडतात. सव्वा तास लागला, मधे एकदा उलटवल्या. ट्रेवर असताना नरमच वाटत होत्या. मी निराश होऊन तशाच सोडून चहा प्यायला गेलो. परत आलो तर गार होऊन ताठ झालेल्या. मोडली. कट्ट.

"हं," आई म्हणाली.

पोरगा म्हणाला, "एवढ्याशाच?" अर्धा किलो बीट, सव्वा तास वीज, आणि वाटीभर माल. बायकोने मीटरचा विषय काढला. तिचंही चूक नव्हतं.

एप्रिलच्या एका दुपारी गाजराचा ट्रे आत होता आणि चाळिसाव्या मिनिटाला लाईट गेली. दीड तासाने आली. गाजरं स्वतःच्याच वाफेत लोळून रबर झाली होती. आई उठून जिन्यापर्यंत आली, वर बोट दाखवून म्हणाली, "एवढं ऊन पडलंय अन् तू डब्यात काय करायलास बाबा?"

परभणीचं ऊन. मे महिन्यात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला जातो, गच्चीवर चप्पल घालूनही पाय भाजतात. आणि याच उन्हात दरवर्षी माझ्या डोळ्यांसमोर कुरडया, पापड, खारवड्या, सांडगे, कारल्याच्या काचऱ्या वाळत आल्या होत्या. पाणी घालवण्याचंच काम ते. मी त्यासाठी दीड हजार वॅट जाळत होतो.

आईच्या देखरेखीखाली कारल्याच्या काचऱ्या घातल्या. पातळ गोल चकत्या, मोठ्या बिया काढून, मीठ-हळद लावून तासभर ठेवायच्या, मग घट्ट पिळायच्या. इथे मीठ आधीच लागतं, कारण ते कडू पाणी ओढून काढतं आणि पिळताना बरंचसं मीठ त्या पाण्याबरोबर निघून जातं. जुन्या पातळ साडीवर पसरून वरून दुसरी साडी. तीन उन्हं. शेजारी गवार, वाफवून. त्याच्या शेजारी भेंडी, उभी चिरून.

वाळलेली काचरी म्हणजे कुरकुरीत काचरी असं मात्र नाही, हे मला नव्याने कळलं. ती कडक असते, दगडासारखी. आई ती गरम तेलात सोडते तेव्हा कुठे फुलते. आत उरलेला थोडासा ओलावा कढत तेलात एकदम वाफ होतो आणि चकतीला आतून फुगवतो. बारीक बारीक पोकळ्या होतात आणि त्या पोकळ्याच दाताखाली मोडतात. मला तळायचं नव्हतं. ब्रशने तेलाचं बोट फिरवलं आणि 150 अंशांवर सहा-सात मिनिटं ठेवल्या. कारली जमली. तेलातल्यासारखी फुलत नाहीत, पण खुसखुशीत होतात, कडूपणाही बेताचा. एकदा तीन उन्हं वाळवून ठेवलं की वर्षभर ओव्हनचं काम सात मिनिटांचं, म्हणून मीटरवाल्या बाईंचाही आक्षेप उरला नाही.

गवार मात्र फसली. तशीच कडक राहिली. आई म्हणाली, "हे खिळे कुठं ठोकायचे?" पुढे ते वरणात गेले.

भेंडीबद्दल जरा जास्त लिहितो, कारण सगळ्यांत चांगली तीच निघाली, आणि तीही न वाळवता. पाव किलो भेंडी आदल्या रात्रीच धुऊन फडक्याने कोरडी करायची. सकाळी उभे चार भाग. वरून दोन चमचे बेसन, एक चमचा ज्वारीचं पीठ, तिखट, हळद, धनेपूड, आमचूर. पाण्याचा थेंब नाही. भेंडीचा चिकटपणाच पीठ धरून ठेवतो. ज्या चिकटपणाला आपण भाजी करताना शिव्या देतो तोच इथे कामाला येतो. दोन लहान चमचे तेल, हलक्या हाताने वरखाली, आणि ट्रेवर एकमेकींना न चिकटतील अशा पसरायच्या. ट्रेवर गर्दी केली की संपलं. 190 अंश, वीस-पंचवीस मिनिटं, मधे एकदा हलवायचं. मीठ बाहेर काढल्यावर. आधी घातलं तर भेंडीला पाणी सुटतं आणि पिठाचा लगदा होतो. हेही अनुभवाने सांगतोय.

ज्वारीचं पीठ आधी घातलं ते घरात तांदळाचं नव्हतं म्हणून. पण आता तेच घालतो. ज्वारीत गव्हासारखं चिवट ग्लुटेन नसतं, म्हणून तर भाकरीला गरम पाणी लागतं, आणि सवय नसलेल्या हाताने थापली की कडा फाटतात. भाकरीतला हा अवगुण इथे गुण ठरतो: पीठ ताणलं जात नाही, वाळलं की तुटतं. साडूच्या शेतात 'परभणी शक्ती' असते. आमच्या कृषी विद्यापीठाने इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेच्या साथीने काढलेला, लोह आणि जस्त जास्त असलेला हा वाण, 2018 साली आला. साडूकडून पायलीभर ज्वारी आणतो. चवीत मला फरक कळत नाही, पण साडूला कळतो म्हणून मीही मान डोलावतो.

याच ज्वारीने पुढचं दार उघडलं. धपाटे आमच्याकडे आठवड्यातून दोनदा तरी होतात. एकदा तव्यावर एक धपाटं विसरलं, मंद आचेवर पंधरा मिनिटं राहिलं आणि पापडासारखं झालं. बायको टाकून देणार होती. मी मोडलं. आवाज आला.

त्यावरून रीत बसवली. दोन वाट्या ज्वारीचं पीठ, अर्धी वाटी बेसन, लाटता यावं म्हणून पाव वाटी कणीक. एक लहान दुधी किसून पिळायचा. पिळलेल्या पाण्यातच पीठ मळायचं आणि कीसही त्यातच. तीळ, ओवा, लसूण-मिरचीचा ठेचा, मूठभर कोथिंबीर. बायकोचं माहेर लातूरकडचं. तिकडची कास्ती कोथिंबीर, 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली, घरात आली की ती दुसऱ्या कोणत्याही कोथिंबिरीला हात लावत नाही, आणि त्या कोथिंबिरीचा वास खरंच दुसऱ्या दिवशीही पिठाला असतो. पातळ लाटायचं, काट्याने टोचे मारायचे, दोन्ही बाजूंनी अर्धकच्चं भाजून घ्यायचं. मग आच बारीक करून फडक्याच्या बोळ्याने दाबत दाबत कडक होईपर्यंत. फुगू द्यायचं नाही. एकेका धपाट्याला सहा-सात मिनिटं जातात, कंबर दुखते. पण डब्यात आठ दिवस टिकतं, आणि ऑफिसात चार वाजता दही-चटणीबरोबर हेच असतं आता. शेजारच्या टेबलावरचे साहेब आधी हसले. आता माझा डबा त्यांच्या टेबलावर उघडतो.

आलूच्या बाबतीत पोराशी तह करावा लागला. त्याला आलूच हवे होते. फ्रीजमधले चार काढून चकत्या भाजल्या तर तपकिरी, कडवट. मला वाटलं ओव्हन बिघडला. बिघडलं होतं ते आलू फ्रीजमध्ये ठेवण्यात. थंडीत त्यातल्या स्टार्चची साखर होते, आणि भाजताना तीच जास्त काळवंडते. नुसत्या रंगाची गोष्ट असती तर सोडून दिली असती. पण स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी 2002 साली दाखवलं की स्टार्च असलेले पदार्थ 120 अंशांच्या वर कोरडे तापले की त्यांत अ‍ॅक्रिलामाइड नावाचं द्रव्य तयार होतं, आणि जितका रंग गडद तितकं ते जास्त. प्राण्यांवरच्या प्रयोगांत ते कर्करोगाला कारण ठरलंय. ते तळल्यानेच होतं असं नाही, भाजल्यानेही होतं. 'बेक्ड' शब्द वाचून मी इतके दिवस निवांत होतो, तो निवांतपणा गेला. आता आलू बाहेर टोपलीत, चकत्या अर्धा तास पाण्यात, मग फडक्यावर पूर्ण कोरड्या, आणि सोनेरी झाल्या की बाहेर. पोराला काळपट कडा आवडायच्या. त्या बंद.

आणि मिरचीचे भजे. ते मला ओव्हनमध्ये जमले नाहीत, आणि जमणारही नाहीत. तीनदा केले. पहिल्यांदा पीठ ओघळून ट्रेवर थारोळं झालं. दुसऱ्यांदा पीठ घट्ट केलं तर मिरचीला पुठ्ठ्याचा कोट घातल्यासारखं. तिसऱ्यांदा सोडा वाढवला, तर पुठ्ठा सुजला. कारण विचार केल्यावर कळलं. 180 अंशांच्या ओव्हनमधून ट्रे काढताना आपला हात क्षणभर आत असतोच, काही होत नाही. त्याच तापमानाच्या कढईत बोट घालून बघा म्हणावं! हवा उष्णता सावकाश देते, तेल एकदम. तेलात पडल्याबरोबर पिठाचं पाणी वाफ होऊन फसफसतं आणि ते बुडबुडे आहेत त्या जागी धरून पीठ कडक होतं. ओव्हनमध्ये तेवढा झपाटा नाही. पाणी हळूहळू जातं, पीठ हळूहळू बसतं. भज्याचं भजेपण त्या झपाट्यात आहे.

अप्पेपात्रात कांद्याचं घट्ट पीठ घालून, दर खड्ड्यात पाव चमचा तेल सोडून, झाकण न ठेवता केले, ते बरे होतात. खालून-वरून कुरकुरीत, मधे मऊ. पोरगा त्यांना 'बाबांचे गोळे' म्हणतो. चांगले लागतात, पण त्यांना भजे म्हणायला माझी जीभ वळत नाही. म्हणून रविवारी बायको कढई ठेवते, ताज्या तेलात, आणि माझ्या ताटात चार मिरच्या मोजून पडतात. पाचवी मागितली तर ती रिपोर्टची फाईल कुठे ठेवलीय ते विचारते.

जूनमध्ये पाऊस सुरू झाला आणि माझं दुकान बसलं. डब्यातल्या बीटच्या चकत्या दुसऱ्या दिवशी सादळल्या. काचऱ्याही. स्टीलच्या घट्ट डब्यात कोरड्या तांदळाची पुरचुंडी ठेवून पाहिली, थोडा उपयोग झाला. आता थोडंथोडंच करतो आणि सादळलेलं पाच मिनिटं 120 अंशांवर परत ठेवतो. खरा त्रास वेगळाच होता. पाऊस, चार वाजलेले, आणि गाड्यावरचा तो वास. जूनमध्ये मी दोनदा फाटकाबाहेर गेलो. दोन म्हणजे दोनच, साहेब साक्षीदार आहेत.

जुलैत परत रक्त दिलं. 181. डॉक्टर म्हणाले ठीक, पण अजून खाली यायला पाहिजे. हे बीटच्या चकत्यांनी केलं असं मी म्हणणार नाही. रोज पाऊण तास जिंतूर रोडने चालतोय, चहातली साखर गेली, बिस्किटं गेली. त्यात कशाचं किती हे माझ्यासारख्याने कसं सांगावं? एक मात्र मला दिसलं. घरचं आहे, भाजलेलं आहे म्हणून हात सैल सुटतो. धपाट्याचे कडक तुकडे मी एका बैठकीत पाच खायला लागलो होतो. पीठ ते पीठच. आता दोन.

पालकाचं सांगायचं राहिलं. कारण ते फसलेल्यांच्या यादीत होतं. पानं धुऊन कोरडी करून, तेलाचा हात फिरवून 140 अंशांवर दहा-बारा मिनिटं. पानं काचेसारखी झाली, पारदर्शक हिरवी, दिसायला फार सुंदर. पण जुडीभर पालकाचे मूठभर तुकडे, आणि बोट लावलं की भुगा. खायला काही उरेचना. मी तो भुगा एका बरणीत भरला, त्यात थोडे भाजलेले तीळ आणि मीठ पडलं होतं, आणि विसरून गेलो.

परवा जेवताना आईने बरणी पुढे ओढली आणि मऊ भातावर, वरणावर, चमचाभर भुगा पसरला. कालवला. मी बघत राहिलो.

"हे कधीपासून?"

"महिना झाला की." तिने घास घेतला. "तुमचं ते कडकड मला काय कामाचं? हे बरंय." मग रिकामी बरणी माझ्याकडे सरकवली. "संपलं बघ. शनिवारी बाजारातून दोन जुड्या आण."